दोष कुणाचा? ग्राफिक्स कार्डाच्या दुखण्यांची चाळीस वर्षं

(हा एपिसोडचा लिखित मजकूर आहे. बोलताना झालेली पुनरावृत्ती थोडी कापली आहे, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

००:०० काळी स्क्रीन

आजचा विषय एकदम घरगुती आहे. कॉम्प्युटर चालू केला, पंखे फिरले, लाइट लागली, आणि स्क्रीन मात्र काळी. किंवा गेम ऐन रंगात आलाय आणि चित्र गोठलं. किंवा स्क्रीनभर हिरवे-गुलाबी चौकोन, जणू कोणीतरी रांगोळी फिस्कटली. ज्यांच्या घरी ग्राफिक्स कार्ड आहे त्यांनी यातलं एक तरी पाहिलेलं असणार.

अशा वेळी आपण काय करतो? मित्राला फोटो पाठवतो, व्हिडिओ शोधतो, ड्रायव्हर काढतो, परत टाकतो. कोणी म्हणतं कार्ड गेलं, कोणी म्हणतं पॉवर सप्लाय कमी पडतोय. आणि घरातले म्हणतात, दिवसभर गेम खेळल्यावर दुसरं काय होणार!

म्हणजे खरा प्रश्न एकच असतो. दोष कुणाचा? कार्डाचा, ड्रायव्हरचा, की आपला?

हा प्रश्न चाळीस वर्षं जुना आहे आणि त्याचं उत्तर दर काही वर्षांनी बदलत गेलंय. आपण आज ज्या युक्त्या वापरतो, सेफ मोड म्हणा किंवा ड्रायव्हर पुसून टाकणं म्हणा, त्यातली प्रत्येक युक्ती कुठल्या तरी जुन्या भांडणातून आलीय. तो इतिहास माहीत असला तर दुरुस्तीच्या वेळी डोकं शांत राहतं, आणि दुकानदारासमोर आपण अगदीच बावळट ठरत नाही. तर चला.

०१:४० पडद्यावरचा बर्फ

ऑगस्ट १९८१. आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला. चित्र दाखवायला दोन कार्डं होती. एक एमडीए, फक्त अक्षरं दाखवणारं, एकरंगी. दुसरं सीजीए, रंगीत. रंगीत म्हणजे किती? ग्राफिक्समध्ये ३२० बाय २०० ठिपके आणि एका वेळी चार रंग. बस.

या सीजीए कार्डाला एक गमतीशीर आजार होता. ८० अक्षरांच्या ओळी दाखवत असताना एखादा प्रोग्राम थेट कार्डाच्या मेमरीत लिहायला लागला की पडद्यावर पांढरे ठिपके उडायचे. लोक त्याला ‘स्नो’ म्हणायचे, म्हणजे बर्फ. कारण अगदी साधं. कार्डावरची मेमरी एका वेळी एकालाच दार उघडायची. पडद्यावर चित्र काढणारं सर्किट तीच मेमरी वाचतंय, आणि त्याच क्षणी प्रोसेसर लिहायला आला. प्रोसेसरला आधी आत सोडलं जायचं, आणि चित्र काढणाऱ्याच्या हाती त्या क्षणापुरता कचरा यायचा. तो कचरा म्हणजे बर्फ.

कार्ड बिघडलेलं नव्हतं, ते बनवलंच तसं होतं. उपाय कुणी केला? प्रोग्रामरांनी. पडद्यावरचा किरण एक ओळ संपवून दुसऱ्या ओळीकडे वळतो तेव्हा क्षणभर चित्र काढणं थांबतं. तेवढ्या फटीत लिहून घ्यायचं, असे प्रोग्राम लिहिले गेले. म्हणजे सुरुवातीपासूनच हार्डवेअरचं उसवलेलं सॉफ्टवेअरने शिवायची पद्धत पडली. पुढची सगळी गोष्ट याच धाग्यावर चालते, म्हणून हे लक्षात ठेवा.

त्या काळात मशीनला कोणतं कार्ड बसवलंय हे मदरबोर्डवरच्या बारीक स्विचेसनी सांगावं लागायचं. स्विच चुकला की चित्र नाही. आणि चित्रच नाही तर चूक दाखवायची कुठे? म्हणून आवाज. एक लांब, दोन आखूड बीप म्हणजे डिस्प्लेची भानगड. हा संकेत आयबीएमच्या त्या मशीनपासून चालत आला आणि पुढे कितीतरी कंपन्यांच्या बायोसमध्ये टिकला. आज बऱ्याच मदरबोर्डवर त्याजागी एक छोटी लाइट असते, शेजारी ‘व्हीजीए’ लिहिलेली. काम तेच. काळ्या स्क्रीनसमोर बसल्यावर सगळ्यात आधी कान आणि डोळे उघडे ठेवायचे, ते यासाठी.

एक छोटा फाटा घेतो, कारण तो आपल्या जवळचा आहे. एमडीए कार्डाला फक्त इंग्रजी अक्षरं यायची. व्हॅन सुवन्नुकुल या थाई विद्यार्थ्याला पडद्यावर थाई लिपी हवी होती, म्हणून त्याने स्वतःच कार्ड बनवलं. १९८२ चं ते हर्क्युलिस कार्ड, ७२० बाय ३४८ ठिपक्यांचं. ते जगभर खपलं. आपल्याकडेही हीच अडचण होती. पीसीच्या पडद्यावर देवनागरी उमटायचीच नाही. त्यावर आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं काम पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेलं आणि ‘जिस्ट कार्ड’ आलं. ते मशीनमध्ये खोचलं की डॉसमधल्या साध्या प्रोग्राममध्येसुद्धा मराठी दिसायची. तेव्हा पडद्यावर मराठी दिसत नाही, हासुद्धा एक ग्राफिक्स कार्डाचाच प्रॉब्लेम होता, आणि त्यावरचं उत्तर पुण्यातून आलं.

०५:१० मॉडेम आणि कार्डाचं भांडण

१९८७ मध्ये व्हीजीए आलं. ६४० बाय ४८० ठिपके, १६ रंग. हा आकडा पुढे पुन्हा येणार आहे. व्हीजीए इतकं पसरलं की कुठलंही मशीन, कुठलंही कार्ड असो, निदान एवढं तरी त्याला येणारच असं गृहीत धरता यायला लागलं.

त्याच्या पुढे मात्र ज्याचा त्याचा संसार. प्रत्येक कंपनीचं कार्ड वेगळं, प्रत्येकाचा ड्रायव्हर वेगळा. ड्रायव्हर म्हणजे काय, हे नवीन मंडळींसाठी एका वाक्यात सांगतो. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणते, ‘इथे एक खिडकी काढ’, आणि त्या विशिष्ट चिपला कळेल अशा भाषेत तो हुकूम पोचवणारा दुभाषा म्हणजे ड्रायव्हर.

नव्वदच्या दशकातली एक भानगड मला फार आवडते. तेव्हा अनेक कार्डं आयबीएमच्या ८५१४/ए नावाच्या कार्डाची नक्कल करायची, एस३ कंपनीच्या लोकप्रिय चिप्ससुद्धा. त्यांचे काही अंतर्गत पत्ते आणि कॉम ४ या पोर्टाचा पत्ता एकमेकांवर आदळायचे. आता मॉडेम कॉम ४ वर बसवलेला असेल तर? इंटरनेट जोडायला गेलात की मॉडेम सापडत नाही, किंवा चित्राची वाट लागते. माणूस मॉडेमवाल्याला शिव्या घालतोय आणि कार्ड शेजारी साळसूदपणे बसलंय!

यातून घरच्या दुरुस्तीचा दुसरा धडा निघाला. जिथे दुखतंय तिथेच रोग असेल असं नाही. म्हणून एका वेळी एकच गोष्ट काढायची आणि बघायचं. बाकी सगळी कार्डं काढा, फक्त ग्राफिक्स ठेवा, मशीन चालू करा. मग एकेक परत लावा. कंटाळवाणं आहे, पण याच्याइतकी भरवशाची पद्धत आजही नाही.

ऑगस्ट १९९५ मध्ये विंडोज ९५ आलं आणि त्याने घरगुती वापरणाऱ्याच्या हातात खरं हत्यार दिलं. एफ८ दाबा आणि सेफ मोडमध्ये शिरा. सेफ मोड करायचा काय? कंपनीचा ड्रायव्हर बाजूला ठेवायचा आणि साध्या व्हीजीए ड्रायव्हरवर चालायचा. तेच ६४० बाय ४८०, तेच १६ रंग. सगळं बटबटीत दिसायचं, पण दिसायचं! आणि तिथेच निम्मं निदान व्हायचं. सेफ मोडमध्ये चित्र नीट असेल तर संशय ड्रायव्हरवर. तिथेही चित्र फाटत असेल तर संशय कार्डावर. मेडिकलच्या भाषेत बोलायचं तर ही पहिली स्वस्त आणि मस्त टेस्ट.

०८:०० ड्रायव्हर स्वयंपाकघरात

आता थोडं आतलं राजकारण. निळी स्क्रीन आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. पण ग्राफिक्सच्या चुकीने अख्खं मशीनच का झोपायचं?

ऑपरेटिंग सिस्टीमचे दोन भाग समजा. एक दिवाणखाना, जिथे आपले प्रोग्राम बसतात. दुसरं स्वयंपाकघर, ज्याला कर्नल म्हणतात. दिवाणखान्यात कप फुटला तर झाडून घेता येतो. स्वयंपाकघरात गॅस लीक झाला तर घर रिकामं करावं लागतं. सुरुवातीच्या विंडोज एनटीमध्ये ग्राफिक्सचा बराचसा कारभार दिवाणखान्यात होता. सुरक्षित, पण हळू. १९९६ च्या एनटी ४.० मध्ये मायक्रोसॉफ्टने वेग वाढावा म्हणून तो कारभार स्वयंपाकघरात हलवला. वेग मिळाला. पण आता ग्राफिक्स ड्रायव्हर घसरला की सगळं घर खाली.

हीच रचना एक्सपीपर्यंत आली. एक्सपीच्या काळात कॉम्प्युटर वापरलेल्यांना ‘एनव्ही४_डिस्प.डीएलएल’ हे नाव निळ्या स्क्रीनवर वाचल्याचं आठवत असेल. ड्रायव्हर एखाद्या चक्रात अडकला, बाहेर पडेना, की मशीन हात वर करायचं.

जानेवारी २००७ मध्ये व्हिस्टा घरोघरी आलं. व्हिस्टाला लोकांनी फार नावं ठेवली, पण एक काम त्याने चोख केलं. ग्राफिक्स ड्रायव्हरचे दोन तुकडे केले आणि मोठा तुकडा परत दिवाणखान्यात आणून बसवला. शिवाय एक राखणदार ठेवला, टीडीआर नावाचा. कार्डाला काम दिलं आणि दोन सेकंदांत उत्तर आलं नाही, तर हा राखणदार कार्डाला झटका देऊन परत उठवतो. स्क्रीन क्षणभर काळी होते, परत येते, आणि कोपऱ्यात संदेश दिसतो की डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणं थांबवलं होतं, आता सावरला आहे. म्हणजे पूर्वी जी निळी स्क्रीन झाली असती ती आता दोन सेकंदांची डुलकी झाली. आजही विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये त्याची नोंद ४१०१ या क्रमांकाने सापडते. अचानक स्क्रीन काळी होऊन परत येत असेल तर तिथे जाऊन बघा. तारीख-वेळेसकट पुरावा मिळतो.

पण सगळे ड्रायव्हर नव्याने लिहावे लागले आणि घाईत लिहिले गेले. व्हिस्टावरून अमेरिकेत एक खटला चालू होता. त्यात मायक्रोसॉफ्टचे अंतर्गत ईमेल बाहेर आले आणि मार्च २००८ मध्ये जगाने एक आकडा वाचला. २००७ मधल्या व्हिस्टाच्या नोंदवलेल्या क्रॅशपैकी जवळपास २८.८ टक्के एनव्हिडियाच्या ड्रायव्हरमुळे झाले होते. मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा वाटा होता १७.९ टक्के, एटीआयचा ९.३. एक गोष्ट लक्षात घ्या, एनव्हिडियाची कार्डं तेव्हा खूप जास्त लोकांकडे होती, त्यामुळे नुसता आकडा बघून कोण जास्त वाईट हे ठरत नाही. पण वर्षभर ‘माझ्याच मशीनला काय झालंय’ म्हणत फॉरमॅटवर फॉरमॅट मारणाऱ्यांना हे वाचून काय वाटलं असेल!

११:३० २००८ चा उन्हाळा

आता आजच्या गोष्टीचा गाभा. इथे थोडं थांबू.

२ जुलै २००८ रोजी एनव्हिडियाने अमेरिकेतल्या गुंतवणूकदारांसमोर एक निवेदन ठेवलं. लॅपटॉपमध्ये बसणाऱ्या आपल्या काही चिप्स नेहमीपेक्षा जास्त प्रमाणात बिघडत आहेत, आणि त्यांच्या दुरुस्ती-बदलीसाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढतोय, असं त्यात होतं. त्याच तिमाहीच्या हिशेबात हा आकडा १९.६ कोटींवर पक्का झाला, आणि नंतरच्या दोन वर्षांत अजून रकमा काढाव्या लागल्या. या प्रकरणाला नंतर ‘बंपगेट’ असं नाव पडलं.

बंप म्हणजे काय? ग्राफिक्स चिप म्हणजे सिलिकॉनचा एक चकचकीत तुकडा. तो उलटा करून एका छोट्या पाटीवर बसवतात. मध्ये शेकडो बारीक सोल्डरचे ठिपके असतात, तेच बंप. वीज आणि सिग्नल सगळं त्यातूनच जातं.

गेम सुरू केला की चिप तापते, बंद केला की निवते. तापल्यावर वस्तू फुगते हे आपण शाळेत शिकलोय, रेल्वेच्या रुळात फट का ठेवतात तेच. पण सिलिकॉन फार कमी फुगतं आणि खालची पाटी त्याच्या साधारण पाचपट. मधले बिचारे बंप दोन्हीकडून ओढले जातात. दिवसातून चार वेळा, वर्षानुवर्षं. तार वाकवून वाकवून तुटते तसे ते शेवटी तडकतात. हे होऊ नये म्हणून बंपांच्या मध्ये एक प्रकारचा गोंद भरतात, तो ताण वाटून घेतो. तज्ज्ञांनी पुढे जे विश्लेषण मांडलं त्यानुसार इथे गोंद आणि सोल्डरची जोडीच जमली नव्हती. चिप वापरात जितकी तापते तेवढ्या तापमानाला गोंद मऊ पडायचा, आणि ऐन गरजेच्या वेळी बंप उघडे पडायचे.

म्हणून हे लॅपटॉप दुकानात छान चालायचे, पहिलं वर्ष छान चालायचे, आणि वॉरंटी संपता संपता आडवे व्हायचे. आधी स्क्रीनवर रेघा, मग चित्र मधूनच गायब, मग कायमचा काळोख.

आता मूळ प्रश्नाकडे या. दोष कुणाचा? त्या निवेदनात एनव्हिडियाने चिपच्या मटेरियलचा कमकुवतपणा मान्य केला, पण त्याच्या शेजारी अजून दोन कारणं मांडली. लॅपटॉप कंपन्यांची उष्णता बाहेर काढायची रचना, आणि ग्राहकांची वापरण्याची पद्धत. ग्राहकांची! म्हणजे लॅपटॉप चालू करणं, बंद करणं आणि त्यावर काम करणं.

लॅपटॉप कंपन्यांनी काय केलं? डेलने बायोसचा अपडेट दिला, ज्याने पंखा जास्त वेळ फिरायला लागला. चिप कमी तापेल, कमी निवेल, कमी ताण येईल. तर्क बरोबर होता. पण टीका करणारे म्हणाले, याने रोग बरा होत नाही, फक्त वॉरंटी संपेपर्यंत पुढे ढकलला जातो. अ‍ॅपलची गोष्ट अजून बोलकी. एनव्हिडियाने त्यांना सांगितलं होतं की तुमच्या मशीनना धोका नाही. अ‍ॅपलने स्वतः तपासलं आणि ऑक्टोबर २००८ मध्ये जाहीर केलं की ८६००एम जीटी चिप असलेल्या काही मॅकबुक प्रोंवर परिणाम झालाय. वॉरंटी संपली असली तरी फुकट दुरुस्ती, खरेदीपासून दोन वर्षं. ही मुदत नंतर वाढवलीसुद्धा.

२०१० मध्ये अमेरिकेत सामूहिक खटल्यात तडजोड झाली. अ‍ॅपल, डेल आणि एचपीच्या ठरावीक मॉडेलवाल्यांना दुरुस्ती किंवा बदली. पण ती अमेरिकेत मशीन विकत घेतलेल्यांसाठी होती. नाशिकमध्ये किंवा कोल्हापुरात हप्त्यावर लॅपटॉप घेतलेल्या माणसाला त्यात जागा नव्हती.

१५:३० ओव्हन आणि रीबॉलिंग

मग जगभरातले लोक काय करायला लागले? कार्ड भाजायला! मस्करी नाही. पंखा आणि हीटसिंक काढायचं, कार्ड फॉइलच्या गोळ्यांवर ठेवायचं, ओव्हन साधारण २०० अंशांवर, आठ-दहा मिनिटं. आणि खरंच, कितीतरी मेलेली कार्डं उठून बसायची.

लोकांना वाटायचं सोल्डर वितळून परत जोडलं गेलं. पण आकडे बघा. जुनं कथिल-शिशाचं सोल्डर १८३ अंशांना वितळतं. युरोपच्या नियमामुळे १ जुलै २००६ नंतर बाजारात आलेल्या मालात बहुतेक ठिकाणी शिसं बंद झालं, आणि नवीन सोल्डर वितळायला साधारण २१७ अंश लागतात. चिपच्या आतल्या शिसंबहुल बंपांना तर ३०० च्या वर. म्हणजे २०० अंशांत आतलं काहीच वितळत नव्हतं. उष्णतेने सगळं फुगायचं, तडकलेली टोकं परत एकमेकांना टेकायची, आणि तात्पुरता संपर्क व्हायचा. काही आठवडे, फार तर काही महिने, मग परत काळोख. आणि कृपा करून कोणी हे करू नका. कार्डावरच्या प्लॅस्टिकचा आणि रसायनांचा धूर त्याच ओव्हनमध्ये बसतो ज्यात उद्या केक होणार असतो.

आपल्याकडे घरोघरी ओव्हन नव्हते, पण मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून जिल्ह्याच्या गावापर्यंत दुकानांत एक शब्द रुळला, रीबॉलिंग. चिप काढायची, तिच्या पाटीखालचे सोल्डरचे गोळे बदलायचे, परत बसवायची. बाहेरचे गोळे तुटले असतील तर हा उपाय बरोबरच आहे. पण तडा आतल्या बंपात असेल तर बाहेरचे गोळे बदलून काय होणार? चिप तीच, रोग तोच. बरं वाटतं ते दुरुस्तीच्या वेळी दिलेल्या उष्णतेमुळे. म्हणजे ओव्हनचीच महागडी आवृत्ती.

आमच्याच नात्यात हे झालंय. आत्याने मोठ्या हौसेने आत्तेभावाला इंजिनिअरिंगसाठी लॅपटॉप घेऊन दिला होता. कंपनीचं नाव घेत नाही. दोन वर्षांच्या आत स्क्रीनवर रेघा आल्या. दोनदा रीबॉलिंग झालं, दोन्ही वेळा तीन-चार महिन्यांत परत तेच. पैसे गेले ते गेलेच, पण मला आठवतात ती त्याला बसलेली बोलणी. रात्रभर गेम खेळतोस, गादीवर ठेवतोस, म्हणून गेला. त्याने ती मुकाट्याने ऐकून घेतली, कारण त्यालाही तेच वाटत होतं. चिपच्या आत काही तडकू शकतं हे कुणाला माहीत असणार?

त्याच काळात मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० वरही लाल लाइटचं ग्रहण लागलं होतं. जुलै २००७ मध्ये त्यांनी वॉरंटी तीन वर्षांची केली आणि त्यासाठी १ अब्ज डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढली. २०२१ मधल्या त्यांच्याच माहितीपटात तिथल्या लोकांनी सांगितलं की तुटत होते ते चिपच्या आतले जोड, तापण्या-निवण्यामुळे. तोवर चौदा वर्षं लोक कन्सोल टॉवेलात गुंडाळून गरम करायच्या टोटक्याबद्दल बोलत होते.

१८:३० वितळलेला प्लग

पुढचं थोडक्यात सांगतो. मार्च २०१० मध्ये एनव्हिडियाने १९६.७५ हा ड्रायव्हर मागे घेतला, कारण त्याने काही कार्डांचा पंखा नीट फिरत नव्हता आणि कार्डं तापत होती. त्याच वर्षी जुलैमध्ये स्टारक्राफ्ट २ आला. त्याच्या काही स्थिर पडद्यांवर, जिथे खरं तर काहीच घडत नाही, कार्ड सेकंदाला शक्य तितक्या वेळा तेच चित्र काढत राहायचं आणि उगाच तापायचं. गेम बनवणाऱ्यांनी सेटिंगच्या फाइलमध्ये वेगाला मर्यादा घालायच्या दोन ओळी सुचवल्या. सॉफ्टवेअर हार्डवेअरला आजारी पाडू शकतं, हे लोकांना तेव्हा नीट कळलं.

आणि आता अलीकडचं. ऑक्टोबर २०२२, आरटीएक्स ४०९०. ४५० वॅट खाणारं कार्ड, आणि त्याला वीज द्यायला ६०० वॅटपर्यंतचा एक नवीन छोटासा कनेक्टर. काही दिवसांतच वितळलेल्या प्लगांचे फोटो फिरायला लागले. नोव्हेंबरमध्ये एनव्हिडियाने सांगितलं की जगभरात सुमारे ५० प्रकरणं आहेत आणि मुख्य कारण म्हणजे प्लग पूर्ण आत गेलेला नाही. बाहेरच्या काही तपासण्यांतही हेच दिसलं. म्हणजे चूक वापरणाऱ्याची.

चूक होतीच, नाकारण्यात अर्थ नाही. पण पुढे काय झालं ते बघा. २०२३ मध्ये त्या कनेक्टरचं सुधारित रूप आलं. त्यात खबर देणाऱ्या छोट्या पिना आखूड केल्या, म्हणजे प्लग पूर्ण बसला नसेल तर त्या टेकतच नाहीत, आणि कार्डाला कळतं की वीज ओढायची नाही. माणसं तीच, हात तेच, फक्त पिना काही अंशी आखूड झाल्या. जी चूक पिना आखूड करून आटोक्यात आणता येते, ती सगळी वापरणाऱ्याच्या माथी मारणं कितपत बरोबर?

२०:४५ मग घरी काय करायचं?

आता या सगळ्या इतिहासातून निघालेला क्रम. काळी स्क्रीन आली की याच क्रमाने जा.

पहिलं, मॉनिटरची केबल कार्डाला लावलीय की चुकून मदरबोर्डला, ते बघा. हसू नका, ही सगळ्यात जास्त होणारी गोष्ट आहे. मग मशीन बंद करून कार्ड स्लॉटमध्ये पक्कं बसलंय का आणि वीजेचा प्लग शेवटपर्यंत गेलाय का ते तपासा.

दुसरं, बीप ऐका, मदरबोर्डवरची लाइट बघा. प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स असेल तर कार्ड काढून त्यावर मशीन चालवा. चाललं तर बाकीचं मशीन निर्दोष.

तिसरं, चित्र फाटतंय कधी? बायोसच्या स्क्रीनवरच रेघा किंवा चौकोन दिसत असतील तर तिथे कंपनीचा ड्रायव्हर अजून आलेलाच नसतो, म्हणजे संशय कार्डावर, केबलवर किंवा मॉनिटरवर. केबल बदलून बघा. विंडोज उघडल्यावरच त्रास होत असेल तर सेफ मोड. तिथे ठीक असेल तर डीडीयू नावाच्या मोफत सॉफ्टवेअरने जुना ड्रायव्हर मुळापासून काढा आणि नवीन टाका. नवीन ड्रायव्हरनंतरच त्रास सुरू झाला असेल तर आधीच्या आवृत्तीवर जा. आणि स्क्रीन नुसती अडकली असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबा, ग्राफिक्स ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो. १९६.७५ ची गोष्ट आठवा, नवीन म्हणजे चांगलंच असं नाही.

चौथं, गेम खेळतानाच मशीन धाडकन बंद होऊन सुरू होत असेल तर पॉवर सप्लाय. हळूहळू तापून मग अडकत असेल तर धूळ, पंखा, थर्मल पेस्ट. कार्डाचं तापमान खोलीच्या तापमानावर चढतं. २० अंशांच्या खोलीत आरामात चालणारं कार्ड नागपूरच्या मे महिन्यात ४२ अंशांच्या खोलीत साधारण तेवढंच वर जाणार. परदेशी व्हिडिओतले आकडे आपल्या उन्हाळ्याला लावू नका.

पाचवं आणि सगळ्यात महत्त्वाचं. बिल जपून ठेवा, कार्डाचा सीरियल नंबर लिहून ठेवा, बिघाडाचा व्हिडिओ काढा, तारखेसकट. दुकानदार ‘रीबॉलिंग करून देतो’ म्हणाला तर एकच विचारा. तीच चिप परत बसवणार की दुसरी, आणि गॅरंटी किती महिन्यांची? उत्तर ‘तीच चिप, एक महिना’ असं असेल तर ते पैसे नवीन कार्डाच्या डब्यात टाका.

आणि कोणाच्या घरी मुलाचा, बहिणीचा, भावाचा लॅपटॉप असा अचानक गेला, तर बोलणी सुरू करायच्या आधी एकदा त्या मॉडेलचं नाव टाकून शोधा. तीच रेघ, तोच काळोख अजून हजार जणांना आलेला दिसला, तर दोष त्या एकट्या पोराचा नसतो.

आज इतकंच. तुमच्याकडे कोणतं जुनं कार्ड अजून तग धरून आहे ते आम्हाला नक्की कळवा, मॉडेल आणि खरेदीच्या वर्षासकट. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या, आणि निघायच्या आधी एकदा तो प्लग शेवटपर्यंत दाबून बघा. मशीन बंद करून, हां!